‘माहेरचा दोष’ नावाचे नवे हत्यार



आजचा विषय डॉक्टरांचा वाटेल. पण मूल न होणाऱ्या बाईचा न्यायनिवाडा दवाखान्यात होत नाही, घरात होतो. म्हणून तो आपलाही विषय आहे. या निवाड्यात आता एक नवा शब्द आला आहे : ‘आनुवंशिक’.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईच्या हातात दुर्बिणीच्या तपासणीचा कागद होता. आजार एंडोमेट्रिओसिस. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, “हे आईकडून येतं म्हणे. मग हिच्या आईनं लग्नाआधी सांगायला नको होतं?” मुलाची तपासणी तोवर झालीच नव्हती.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढते. अंडाशयावर, गर्भनलिकांभोवती, कधी आतड्यावर. पाळीत, संबंधाच्या वेळी, शौचाला जाताना असह्य दुखते. काहींना दिवस राहायला अडचण येते, पण पुष्कळ जणींना मुले होतातही. प्रजननवयातल्या साधारण १० बायकांत एकीला हा आजार असतो.

आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून तो सुमारे निम्मा दिसतो. उरलेली कारणे वेगळी. २०२३ साली ६० हजारांहून अधिक आजारी बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी संबंधित ४२ जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येक जागेचा परिणाम लहान. म्हणजे एकच एक ‘दोषी जनुक’ नाही आणि नुसत्या जनुक-तपासणीने या आजाराचे निदान होत नाही. त्या बायका मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. भारतीय बायकांचा असा अभ्यास मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने हाती घेतला गेला आहे.

आणि मुलीला निम्मी जनुके बापाकडून मिळतात! तेव्हा आई-मावशीइतकेच आत्याचे दुखणेही विचारायला हवे. मग ‘आईकडून आले’ हे कशावरून ठरले?

जनुकांचीच गोष्ट काढायची तर पुरुषांचीही काढू. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणे किंवा एक्स गुणसूत्र जास्तीचे असणे, यामुळे वीर्यात शुक्रजंतू फार कमी असतात किंवा नसतातच. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईच्या कारणासोबत. वीर्यतपासणी साधी, बिनटाक्याची. तरी आधी बाईच्याच पोटावर दुर्बीण चालते.

म्हणून आपल्या गटांनी तीन गोष्टी धराव्यात. मूल होत नाही म्हणून तपासणी सुरू झाली, तर ती पहिल्या दिवसापासून दोघांची व्हावी. घराण्यातल्या आजाराची माहिती स्थळ नाकारायला किंवा बाईला माहेरी धाडायला वापरली गेली, तर आपण उभे राहावे. आणि तीच माहिती मुलींच्या उपयोगाला आणावी. घरात कुणाला हा त्रास असेल आणि मुलीची दर पाळीत शाळा बुडत असेल, तर “सगळ्यांनाच दुखतं” म्हणून सोडू नये. निदानाला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. वेदनाशामक औषधे आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे.

मूल होवो न होवो, तिचे दुखणे थांबवणे हा तिचा हक्क आहे.