एकाच गेटातून, दुसऱ्या खात्यात
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी बोललेल्यांपैकी कुणी पाच कंपन्या बदलल्या, कुणी देश बदलला. मी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून १९९४ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागलो, तो आजही तिथेच आहे. पण त्याच कारखान्यात एक खातं सोडून दुसऱ्या खात्यात गेलो. मशीन शॉपपासून टूल डिझाइनच्या खोलीपर्यंत अंतर तीनशे पावलं. ते कापायला मला १४ महिने लागले. त्याबद्दलच बोलतो, कारण आता आपली मुलं नोकरीला लागलीत आणि 'बाबा, इथं मन लागत नाही' असं म्हणायलाही लागलीत.

मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो, तिन्ही पाळ्या. आमच्या लाइनवर बिडाचं एक कव्हर यायचं. मशीनवर जॉब ज्यात पकडतात त्याला फिक्श्चर म्हणतात. त्या फिक्श्चरला खाली चार टेकू होते. बिडाचा कच्चा पृष्ठभाग कधीच सपाट नसतो, त्यामुळे जॉब तीन टेकूंवर बसायचा आणि चौथ्यावर फट राहायची. क्लॅम्प आवळला की जॉब वाकायचा, तसाच त्याचा पृष्ठभाग कापला जायचा आणि क्लॅम्प सोडला की जॉब मूळ आकारात येऊन तोच पृष्ठभाग वाकडा निघायचा. पोरं फटीत कागदाची घडी सारायची!

भूमितीच्या बाई समोर बसल्यात. बाई, तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच प्रतल जातं, हे तुम्ही आम्हाला तिपाई दाखवून शिकवलं होतं. तिपाई कधी डुगडुगत नाही म्हणून. टूल डिझाइनमध्ये त्यावरच ३-२-१ चा नियम उभा आहे. तळाला तीन, बाजूला दोन, टोकाला एक, असे सहा बिंदू धरले की जॉबची जागा पक्की होते; क्लॅम्पने फक्त धरून ठेवायचं. मी प्रॉडक्शन शीटच्या पाठीमागे पेन्सिलीने तीन टेकूंचं चित्र काढून टूल रूमला दिलं. त्यांनी तसं करून पाहिलं आणि कागदाच्या घड्या बंद झाल्या. त्या दिवसापासून माझं लक्ष त्या खोलीकडे लागलं.

२००५ मध्ये नोटीस बोर्डावर अंतर्गत भरतीचं पत्रक लागलं. अट एकच अडचणीची होती, अर्जावर सध्याच्या खातेप्रमुखाची सही. बरेच जण इथेच थांबतात. निवड झाली नाही तर त्याच साहेबांच्या हाताखाली राहायचं, आणि 'हा जायच्या तयारीत आहे' हा शिक्का कायमचा. काही जण परस्पर दुसऱ्या साहेबांना भेटतात. ते मला पटलं नाही. दोन्ही साहेब रोज एकाच टेबलावर जेवतात, गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचतेच. मी थेट साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तुला सोडणार नाही. लाइन कोण चालवणार?"

मला राग आला. पण साहेबांची बाजू खरी होती. खात्याची माणसं मंजूर असतात, तेवढीच. माणूस आतल्या आत गेला की त्याची जागा भरून मिळेलच असं नसतं, आणि प्रॉडक्शनचा आकडा मात्र तेवढाच राहतो. म्हणून मी विचारलं, "साहेब, काय झालं म्हणजे सही कराल?" ते म्हणाले, "तुझ्याशिवाय लाइन महिनाभर चालवून दाखव."

मग मी वही घातली. कोणता क्लॅम्प आधी आवळायचा, कटरचा आवाज कसा झाला की इन्सर्ट बदलायचा, सोमवारी सकाळी मशीन गार असताना पहिले जॉब का मोजायचे, सगळं लिहून काढलं. १२ वर्षं हे माझ्या डोक्यात होतं आणि त्यामुळेच मी तिथे बांधला गेलो होतो. दोन पोरांना तयार केलं. संध्याकाळी चिंचवडला कॅडचा क्लास लावला. रात्रपाळी असली की क्लास करूनच कामावर जायचो.

घरी वेगळाच हिशेब होता. नव्या खात्यात पाळीभत्ता नाही, ओव्हरटाइम नाही, आणि डोक्यावर घराचं कर्ज. सौ.ने हप्ता, शाळेची फी, गावाकडचे पैसे सगळं कागदावर मांडलं आणि म्हणाली, "दोन वर्षं ओढाताण होईल. पण तुम्ही रात्रपाळीहून येऊन जेवताना त्या फिक्श्चरचंच बोलता." ओढाताण दोन नाही, तीन वर्षं झाली.

साहेबांनी महिना मोजला आणि सही केली. मुलाखतीत 'तिथून का निघायचंय' असं विचारलं. पाळ्यांचा कंटाळा वगैरे मी काढलाच नाही. चित्र काढलेली ती प्रॉडक्शन शीट पुढे ठेवली. निवड झाल्यावर सुटकेची तारीख मात्र लेखी मागून घेतली. मुलांना हे जरूर सांगा, तोंडी तारीख पुढे पुढे सरकते.

नव्या खात्यात माझा वरिष्ठ २६ वर्षांचा होता, मी ३२ चा. त्याला 'सर' म्हणताना पहिला आठवडा जड गेला. नंतर तो मला मॉडेलिंग शिकवायचा आणि मी त्याला मशीनवर नेऊन पाना फिरायला जागा कुठे उरत नाही ते दाखवायचो.

आता त्या खात्याचा प्रमुख मी आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडचा एक चांगला मुलगा असाच अर्ज घेऊन आला, त्याला क्वालिटीत जायचंय. माझ्याही तोंडून आधी तेच आलं, "मग ड्रॉइंग कोण करणार?" त्याने दोन दिवसांत वही आणून ठेवली. मी सही केली. त्याची जागा अजून भरून मिळालेली नाही, त्यामुळे तिघांची ड्रॉइंग माझ्या टेबलावर आहेत आणि मला आज रात्रीच्याच गाडीने परत निघायचं आहे. जेवणाच्या पंगतीत भेटूच.