साक्षीदार कामाचा हवा



आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदारांकडे मागे चोरी झाली. दुकानात चार कॅमेरे होते. सकाळी वाकलेले शटर पाहून ते हादरले, पण चोर कॅमेऱ्यात सापडणारच, असा त्यांना धीर होता. पोलिसांसमोर चित्रीकरण लावले. एक माणूस आत आला, त्याने गल्ला फोडला आणि तो निघून गेला. सगळे दिसले, फक्त चेहरा दिसला नाही. कॅमेरा उंच छताला होता, त्यामुळे दिसली ती टोपी आणि खांदे. शिवाय पडद्यावर वेळ होती दुपारी अडीचची! रेकॉर्डरचे घड्याळ कुणी लावलेच नव्हते.

कॅमेरे घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो ‘कितीला?’ आणि दुसरा ‘किती मेगापिक्सेल?’ हे प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचे ते हे, की आपल्याला नेमके काय पाहायचे आहे? दारातून येणाऱ्याचा चेहरा, गल्ल्यावर नोटा मोजणारे हात, की मागच्या अंगणात कुणी शिरले एवढेच? कॅमेरा चोराला धरून ठेवत नाही. तो साक्षीदार आहे. म्हणून कोणत्या गोष्टीची साक्ष हवी, हे घराचा किंवा दुकानाचा कच्चा नकाशा काढून त्यावर लिहा आणि मगच बाजारात जा.

आता थोडे गणित. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० ठिपक्यांचे असते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर दर मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके हवेत, असा या क्षेत्रातला मानदंड आहे. भागाकार केला तर जेमतेम साडेसात मीटर रुंदी हाती येते. पुष्कळ कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरचे भिंग असते. ते इतके रुंद पाहते, की तीन मीटरवरच ही मर्यादा संपते. म्हणजे दहा फुटांपलीकडे माणूस दिसतो, पण तो कोण, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सहा मिलिमीटरचे भिंग घेतले तर हीच मर्यादा आठ मीटरपर्यंत जाते, मात्र दिसणारी जागा अरुंद होते. तेव्हा दारापाशी एक अरुंद नजरेचा कॅमेरा सात-आठ फुटांवर लावा आणि आतल्या एकूण हालचालीसाठी दुसरा रुंद नजरेचा.

उजेडाचेही तसेच. दाराकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात भर दुपारी माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो, कारण उजेड त्याच्या पाठीमागे असतो. अशा जागी ‘डब्ल्यूडीआर’ची सोय असलेला कॅमेरा घ्यावा. रात्रीचे अवरक्त दिवे चित्र कृष्णधवल देतात आणि त्यात कपड्यांचे रंग फसवे दिसतात. कॅमेरा काचेआड असेल तर तोच प्रकाश उलटून चित्र पांढरे पडते. दारात एक साधा दिवा रात्रभर ठेवला, तर कमी किमतीचा कॅमेराही पुष्कळ सांगून जातो.

मग साठवणीचा प्रश्न येतो. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने चोवीस तास नोंद करत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. त्यानंतर जुन्या नोंदींवर नव्या चढत जातात. महिनाअखेरीस माल मोजताना तूट लक्षात येणाऱ्या दुकानदाराला सहा दिवसांच्या नोंदीचा काय उपयोग? नव्या ‘एच.२६५’ पद्धतीत जागा बरीच कमी लागते. ती आहे का, हे विचारावे आणि महिनाभराची साठवण मागावी. रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नका, जाताना चोर तोही नेतो. तो हवेशीर, कुलूपबंद जागी असावा आणि वीज गेल्यावर चालण्यासाठी त्याला यूपीएस असावा.

कॅमेरा इंटरनेटला जोडणार असाल तर कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने असे मूळ पासवर्ड वापरूनच जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते.

साक्ष न्यायालयात टिकायलाही हवी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातला उमेदवारी अर्ज मुदतीत भरला गेला होता का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणापर्यंत आला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले, की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर नकलेसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची ही अट आहे. म्हणून घटना घडल्यावर पडद्याचे मोबाइलवर चित्रण करून समाधान मानू नका. रेकॉर्डर जसाच्या तसा ठेवा आणि पोलिसांना कळवा.

आणखी एक गोष्ट. आपला कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारात, खिडकीत डोकावता कामा नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा स्वच्छतागृहात कॅमेरा लावून कुणाचे तसे चित्रण करणे हा तर गुन्हाच आहे. दुकानात ‘येथे कॅमेरा आहे’ अशी पाटी लावा. नोकरांनाही आधी सांगा. न सांगता लावलेल्या कॅमेऱ्याने चोरी सापडेलही कदाचित, पण वर्षानुवर्षांचा विश्वास तुटतो.

शेवटी, बसवणाऱ्याचे सगळे पैसे चुकते करण्याआधी एक परीक्षा घ्या. घरातल्या कुणाला तरी रात्री नऊ वाजता दारातून आत यायला सांगा. दुसऱ्या दिवशी ते चित्रीकरण तुम्ही स्वतः शोधा आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. चेहरा ओळखू आला का? वेळ बरोबर आहे का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच राहिलेले पैसे द्या. हीच परीक्षा पुढे दर महिन्याला घ्या, भिंगावरची जळमटेही त्या निमित्ताने पुसली जातील.

आमच्या त्या दुकानदारांनी पुढे नवा कॅमेरा घेतला नाही. छतावरचा एक खाली आणून दारालगत लावला आणि घड्याळ बरोबर केले. या दोन्ही कामांना मिळून अर्धा तास लागला.