नेम धरणे आणि नेम पाळणे

(साखरा येथे जमलेल्या प्राथमिक शिक्षकांपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आपल्या मराठी भाषेत ‘नेम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहिलेला मुलगा गोफणीने नेम धरतो आणि रोज पहाटे पोथी वाचणारी त्याची आजी नेम पाळते. एका ठिकाणी नेम म्हणजे लक्ष्याचा वेध, तर दुसऱ्या ठिकाणी नेम म्हणजे न चुकता करावयाचे आचरण. धनुर्विद्येत मनाची एकाग्रता कशी साधते ह्याचा विचार करू लागले, म्हणजे हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर राहत नाहीत. जो नेम पाळतो त्याचाच नेम बसतो. आज एवढी एकच गोष्ट मला आपणांपुढे मांडावयाची आहे. दिवसातून कितीतरी वेळा “इकडे लक्ष द्या” असे वर्गात सांगावे लागणाऱ्या आपणा सर्वांशी तिचा फार निकटचा संबंध आहे.

एकाग्रतेचा विषय निघाला की आपण मुलांना द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा सांगतो. झाडाच्या शेंड्यावर पक्षी ठेवलेला आहे. आचार्य प्रत्येक शिष्याला विचारतात, “तुला काय दिसते?” कोणाला झाड दिसते, कोणाला भाऊ दिसतात, कोणाला स्वतः आचार्य दिसतात. अर्जुनाला मात्र पक्ष्याचे केवळ शिर दिसते. (आपण ‘डोळा’ असे सांगतो, महाभारतात शब्द ‘शिर’ असा आहे.) अर्जुनाचा बाण सुटतो आणि शिर खाली पडते. कथा सुंदर आहे, आणि ती अवश्य सांगावी. परंतु शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ही परीक्षेची कथा आहे, शिकविण्याची नव्हे. त्या दिवशी आचार्यांनी कोणाला काही शिकविले नाही. ज्याला येत होते त्याला बाण सोडू दिला, आणि ज्यांना येत नव्हते त्यांना बाण न सोडताच बाजूला सारले.

शिकण्याची कथा आदिपर्वात ह्याच्या आधी येते, आणि ती आपण क्वचितच सांगतो. एके रात्री अर्जुन जेवीत असता वाऱ्याने दिवा विझला. अंधार झाला, तरी त्याचा हात तोंडाकडे बिनचूक जात राहिला. हे सवयीचे फळ आहे, हे त्याच्या ध्यानी आले, आणि तेव्हापासून तो रात्रीच्या अंधारात धनुष्याचा अभ्यास करू लागला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून आचार्य उठून आले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरले. पक्ष्याचे शिर दिसण्यामागे ह्या रात्री होत्या. अंधारात अर्जुनाला लक्ष्य दिसतच नव्हते. तो जे घटवीत होता ते हाताचे, खांद्याचे, श्वासाचे वळण होते. ते वळण पक्के झाल्यावर मन मोकळे झाले, आणि मोकळे झालेले मन एका बिंदूवर ठेवणे त्याला शक्य झाले.

कथेतील हे मर्म प्रत्यक्ष विद्येशी जुळते. वेळूच्या साध्या तिरकमठ्याला नेम पाहण्याचे कोणतेही साधन नसते. अशा धनुष्याने नेम कसा बसतो? तिरंदाज दर खेपेस तसाच उभा राहतो, पायांतील अंतर तेच ठेवतो, प्रत्यंचा ओढणारी बोटे हनुवटीशी किंवा गालाशी ठरलेल्या एकाच जागी आणून टेकवितो. ही जागा चुकली की सर्व चुकते. बाणाची लांबी ७० सेंटीमीटर धरा, टोक जागच्या जागी राहिले आणि मागचा भाग अवघा १ सेंटीमीटर वर-खाली झाला असे समजा. २० मीटरवर हा बाण जवळजवळ २९ सेंटीमीटर चुकेल. समरूप त्रिकोणांचे हे गणित आहे. वरच्या वर्गांत ते अवश्य मांडून दाखवावे. यास्तव तिरंदाज प्रथम आपल्या हाताची जागा सांभाळतो. मग श्वास संथ करतो, दृष्टी एका बिंदूवर ठेवतो, बोटे सैल सोडतो, आणि बाण सुटल्यावरही तो लक्ष्यात रुतेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणीत नाही. सुटलेल्या बाणावर आता हाताची सत्ता नाही, तरीही हात तेथेच राहतो. कारण पुढे काय झाले ते पाहण्याची घाई असलेला हात बाण सुटण्याच्या आधीच हलू लागतो.

अनुभवी तिरंदाजांनाही जडणारा एक विकार येथे सांगितला पाहिजे. लक्ष्य डोळ्यांपुढे आले की बोटे आपोआप आधीच सुटतात. काहींच्या बाबतीत उलट, हात गोठून जातो आणि नेम लक्ष्यावर स्थिर होतच नाही. चुकण्याची भीती ह्याच्या मुळाशी पुष्कळदा असते. ह्यावरचा उपाय मोठा बोधप्रद आहे. प्रशिक्षक लक्ष्यच काढून टाकतो. तो तिरंदाजाला चार-पाच पावलांवर पेंढ्याच्या कोऱ्या गठ्ठ्यापुढे उभा करतो आणि पुष्कळ दिवस तेथेच, प्रसंगी डोळे मिटून, बाण सोडावयास लावतो. गुण नाहीत, स्पर्धा नाही, चूक-बरोबर नाही. आहे ती केवळ क्रमाची उजळणी. भीती ओसरल्यावर लक्ष्य पुन्हा लावतात आणि अंतर हळूहळू वाढवितात.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. फळ्यापुढे उभा केलेला, उत्तर येत असूनही तोंड न उघडणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. प्रश्न पुरा होण्यापूर्वीच भलतेच उत्तर देऊन टाकणारी मुलगीही पाहिली आहे. एकाचा हात गोठला आहे, दुसरीचा बाण आधीच सुटला आहे. अशा वेळी “लक्ष दे” असे मोठ्याने सांगणे म्हणजे लक्ष्य आणखी दूर नेऊन ठेवणे होय. त्यांना काही दिवस कोरा गठ्ठा हवा आहे. सोपी उदाहरणे, जवळचे अंतर, सर्वांसमक्ष न घेतलेला पाठ, आणि गुणांवाचून केलेली उजळणी ह्यांनी ते काम होते.

प्राथमिक शाळेतून हे सर्व किती दूर जाऊ शकते ह्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. प्रवीण जाधव हे तिरंदाज सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे. आईवडील मोलमजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेत असता तेथील शिक्षकांनी त्यांना प्रथम धावण्याकडे वळविले. मुलगा इतका अशक्त होता की धावताना दमून कोसळे. तेव्हा शिक्षकांनी त्याच्या आहाराची काळजी वाहिली आणि पैशाचेही साहाय्य केले. पुढे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत कड्यात चेंडू टाकण्याच्या एका चाचणीत त्याचा एकही चेंडू चुकला नाही, आणि तेथून तो धनुर्विद्येकडे आला. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळविले, त्या संघात ते होते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ते खेळले. ऑलिंपिकमध्ये ७० मीटर अंतरावरून ज्या वर्तुळात बाण मारल्यास पूर्ण दहा गुण मिळतात, त्याचा व्यास अवघा १२.२ सेंटीमीटर असतो. त्याच जिल्ह्यातील शेरेवाडीच्या अदिती स्वामी ह्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण! त्यांचा सराव उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर झाला होता.

पदकांची ही नावे मी मुलांना महत्त्वाकांक्षा लावण्यासाठी सांगत नाही. सरडे येथील शाळेत घडले त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मुलाकडे पाहिले गेले, मग त्याच्या पोटाकडे, मग त्याच्या पायांकडे. नेमाची गोष्ट ह्या सर्वांच्या नंतर आली. भुकेल्या मुलाजवळ एकाग्रता मागणे व्यर्थ आहे. तसेच ज्याला फळ्यावरील अक्षर नीट दिसत नाही, त्याच्याजवळही. मूल वारंवार चुकीचे उतरवून घेत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून त्याची दृष्टी तपासून घ्यावी. पुष्कळदा दोष मनाचा नसतो, डोळ्यांचा असतो.

आणखी एक विचार आपल्याच मातीतला आहे. ह्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदाचा आशय असा, की पतंग उडविणारा मुलगा सवंगड्यांशी बोलतो, पण त्याचे चित्त दोरीकडे असते. डोईवर घागरी घेतलेल्या स्त्रिया हसत-बोलत चालतात, पण चित्त घागरीत असते. गाय दूर रानात चरते आणि चित्त वासरापाशी ठेवते. आई घरातील कामे करते, पण मन पाळण्यापाशी असते. मन जडण्यासाठी नामदेवांनी तेथे जो शब्द योजला आहे, तो वेधण्याचा आहे, म्हणजे बाणाच्याच कुळातला.

ह्या दृष्टान्तांतून शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी, की एकाग्रता म्हणजे भोवतालचे सर्व जग नाहीसे होणे नव्हे. पाणी आणणारीला वाट दिसते, बोलणे ऐकू येते. तरी घागर हिंदकळत नाही, कारण मान आणि पाठ तरबेज झालेली असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या मुलाविषयी आपण “ह्याचे लक्ष नाही” असे म्हणतो, त्याचे लक्ष बहुधा कोठेतरी पूर्णपणे लागलेले असते. ते आजारी आईपाशी असेल, व्यालेल्या गाईपाशी असेल, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या वाटेवर असेल. द्रोणाचार्यांचा प्रश्न आपण अशा मुलाला जरूर विचारावा: “तुला काय दिसते?” मात्र त्याने खरे उत्तर दिले, तर त्याला बाजूला सारू नये. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा २०१० पासून लागू झाला आहे. एक अर्जुन निवडून इतरांस परत पाठविण्याची मुभा आपणांस नाही, आणि एकलव्याला दारातून परत पाठविण्याची तर मुळीच नाही.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. शाळेत धनुष्यबाण आणू नये. घरगुती तिरकमठ्याच्या काडीनेही डोळा जाऊ शकतो. एक चिंधीचा चेंडू आणि खडू पुरे. जमिनीवर एक मीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. मुलाने दोन मीटरवर उभे राहून पाच चेंडू टाकावेत. प्रत्येक खेपेस क्रम एकच: पाय ठेवणे, श्वास सोडणे, एका ठिपक्याकडे पाहणे, चेंडू टाकणे, आणि चेंडू थांबेपर्यंत हात तसाच ठेवणे. पहिला आठवडा कितीजण चुकले हे मोजू नये. क्रम सुटला की नाही एवढेच पाहावे. दुसऱ्या आठवड्यात अंतर एक पाऊल वाढवावे, तिसऱ्यात वर्तुळ लहान करावे. टाकणाऱ्याच्या पुढे कोणी उभे राहू नये, आणि कोणत्याही जिवावर नेम धरू देऊ नये. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला पक्षीही कृत्रिमच होता, हे मुलांना आवर्जून सांगावे.

चेंडूचा नेम साधला म्हणून गणित आपोआप सुधारेल, असे मी म्हणणार नाही. एका कामात कमावलेले वळण दुसऱ्या कामात नेण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. म्हणून चेंडूचा खेळ संपताच मुलांना पाटी घ्यावयास सांगावी आणि तोच क्रम तेथे लावावा. नीट बसणे, श्वास सोडणे, एका ओळीवर बोट ठेवणे, ती ओळ वाचणे, आणि अर्थ सांगून होईपर्यंत बोट न उचलणे. आरंभी एकच ओळ, मग दोन. गणितातही एक उदाहरण पुरे करून ताळा पाहिल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये. रोज दहा मिनिटे, ठरलेल्या वेळी, एक महिनाभर हे चालावे. एखाद्या दिवशी दोन तास आणि मग आठवडाभर काहीच नाही, ह्याने वळण लागत नाही.

आपण प्रत्येकाने आपल्या वर्गातील तीन मुले निवडावीत. हुशार म्हणून नावाजलेली नव्हेत, ज्यांच्याविषयी “लक्ष नाही” असा शेरा पडलेला आहे अशी. त्यांची पहिल्या दिवसाची आणि तिसाव्या दिवसाची स्थिती वहीत टिपून ठेवावी: क्रम किती वेळ टिकला, किती ओळी वाचल्या, आणि “तुला काय दिसते” ह्या प्रश्नाला मूल काय म्हणाले. पुढील बैठकीस येताना त्या वह्या बरोबर आणाव्यात. त्यांचेच वाचन करून आपण पुढील कामाचा विचार करू.