दोन खासगी जाळ्यांमधील वाट
(शिक्षक, ग्रामस्थ व पंचायत कर्मचारी यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील खेपेस याच सभागृहात एका वयोवृद्ध शेतकरी गृहस्थांनी मला प्रश्न विचारला होता. सरकारी खात्यांचे संगणक एकमेकांना जोडले जातात म्हणता, तर माझा कागद एका खात्यात गेला की तो सगळ्यांनाच दिसू लागतो काय? त्या वेळी मी सभेला शोभेल असे काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाचे आणि माझे सख्य टंकलेखनापुरतेच. परंतु प्रश्न मनात राहिला. त्यानंतर जाणकार सहकाऱ्यांकडे बसून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे मांडतो.

पूर्वी प्रत्येक कचेरीचे संगणक त्या कचेरीतच असत. आता अनेक ठिकाणी मोठ्या कंपन्यांच्या इमारतींतील संगणक भाड्याने घेतले जातात. यालाच ‘क्लाउड’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. नाव मेघाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच आहेत. ॲमेझॉन कंपनीने अशी केंद्रे मुंबई परिसरात जून २०१६ मध्ये आणि हैदराबाद येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केली. आज मी याच कंपनीच्या व्यवस्थेचे उदाहरण घेणार आहे. गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्याकडील व्यवस्था तपशिलात वेगळी, पण तत्त्वतः तशीच आहे.

एकाच इमारतीत असंख्य भाडेकरू नांदतात, तरी प्रत्येकाला स्वतःचे कुंपण मिळते. त्या कुंपणाच्या आतील भागाला खासगी जाळे म्हणतात. आपल्याकडे दोन घरांची आवारे एका गडग्याने विभागलेली असतात, तसाच हा प्रकार. गडग्याच्या पलीकडचे माणूस हाकेच्या अंतरावर असले तरी वाट नसेल तर त्याच्याकडे जाता येत नाही. दोन खासगी जाळ्यांच्या मधल्या गडग्याला खिंड पाडून वाट करणे, याचे नाव ‘पिअरिंग’. पिअर म्हणजे बरोबरीचा. या नात्यात कोणी धनी नाही आणि कोणी कूळ नाही, हे त्या शब्दातच आले. ही सोय ॲमेझॉनने मार्च २०१४ मध्ये उपलब्ध करून दिली आणि २०१७ च्या अखेरीपासून दोन वेगवेगळ्या शहरांतील जाळीही अशी जोडता येऊ लागली.

ही वाट एकतर्फी पडत नाही. एका जाळ्याचा चालक दुसऱ्याकडे विनंती पाठवतो आणि दुसऱ्याने ती स्वीकारावी लागते. सात दिवसांत स्वीकार झाला नाही तर विनंती रद्द होते. स्वीकार झाल्यावरही लगेच ये-जा सुरू होत नाही. प्रत्येक जाळ्यात मार्गांची एक वही असते, म्हणजे अमुक पत्त्याचा निरोप अमुक वाटेने न्यावा, अशा नोंदींचा तक्ता. नव्या वाटेची नोंद दोन्हीकडच्या वह्यांत व्हावी लागते. एका बाजूने केली आणि दुसऱ्या बाजूची राहिली, तर निरोप पोचतो, पण उत्तर परतत नाही. सरकारी पत्रव्यवहाराचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

नोंदीचीही मर्यादा ठरवता येते. पलीकडच्या संपूर्ण आवाराची वाट दाखवता येते, किंवा केवळ एकाच यंत्राची. त्यानंतर प्रत्येक यंत्राच्या दाराशी सुरक्षा नियमांचा पहारा असतो. कोणत्या पत्त्यावरून आलेल्या कोणत्या प्रकारच्या मागणीला आत घ्यावयाचे, हे तेथे लिहिलेले असते. गडग्याला खिंड पडली म्हणून घराची दारे उघडी पडली, असे होत नाही. शिवाय ही वाहतूक सार्वजनिक इंटरनेटवरून जात नाही. ती कंपनीच्या स्वतःच्या तारांवरून जाते, आणि मुंबई–हैदराबाद अशी दोन शहरांमधील असेल तर सांकेतिक रूपात जाते.

आता ज्या ठिकाणी खरी अडचण होते, तेथे येतो. ती अडचण पत्त्यांची.

प्रत्येक जाळ्यातील यंत्रांना अंकांचे पत्ते असतात. खासगी वापरासाठी जगभर काही पत्तेसमूह राखून ठेवलेले आहेत. १० या अंकाने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कोणीही आपल्या आवारात वापरावेत, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सोय उत्तम, पण त्यामुळेच दोन आवारांत तेच पत्ते असण्याचा संभव मोठा. आपल्या गोव्यात देऊळवाडा नावाचे वाडे कितीतरी गावांत आहेत. गावाचे नाव न घालता ‘देऊळवाडा, घर क्रमांक २०’ एवढेच लिहून पत्र टाकले, तर टपालवाल्याने काय करावे? संगणक असा संभ्रम मुळी पत्करतच नाही. दोन जाळ्यांचे पत्ते जराही एकमेकांवर पडत असतील, तर जोडणीची विनंती नाकारली जाते.

मौज अशी की, नवे खाते उघडताच ॲमेझॉनकडून जे आयते जाळे मिळते, त्याला नेहमी एकच पट्टा दिलेला असतो, १७२.३१ ने सुरू होणारा. त्यात ६५,५३६ पत्ते बसतात. आयते मिळालेले तसेच ठेवणाऱ्या दोघांना पुढे कधीही परस्परांशी जोडून घेता येत नाही. माझ्या परिचयाच्या दोन कचेऱ्यांचे नेमके हेच झाले. त्यांची नावे घेत नाही. जाळ्याचा मूळ पट्टा एकदा ठरला की बदलता येत नाही. नवे जाळे उभारून सारी यंत्रे तिकडे हलवावी लागतात. ते काम होईपर्यंत अख्खा पावसाळा दाखल्यांची भेंडोळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक शिपाई या कचेरीतून त्या कचेरीत नेत होता, आणि ज्यांचे दाखले, ती माणसे खेपा घालीत होती. आरंभी कोणी तासभर बसून पत्त्यांची वाटणी लिहून काढली असती, तर हे टळले असते. आपल्या शाळेचे वा पंचायतीचे काम कोणी कंत्राटदार करीत असेल, तर पत्त्यांचा पट्टा कोणता निवडला आणि तो कोठे नोंदवला, एवढे त्याला अवश्य विचारावे. हा प्रश्न विचारण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे मुख्य उत्तर मात्र आणखी एका नियमात आहे. समजा, महसुलाचे जाळे कृषीशी जोडले आणि कृषीचे शिक्षणाशी. तर महसुलातून कृषीच्या आवारातून चालत शिक्षणाकडे जाता येते काय? येत नाही. पिअरिंगचे नाते ज्या दोघांत जुळले, त्या दोघांपुरतेच राहते. शेजाऱ्याचा शेजारी हा माझा शेजारी ठरत नाही. महसूल आणि शिक्षण यांना वाट हवीच असेल, तर त्यांनी स्वतंत्र विनंती करून स्वतंत्र संमती घ्यावी. आपला कागद कोणाच्या नकळत तिसऱ्याच्या आवारात या वाटेने वाहत जात नाही, तो यामुळे.

या नियमाची किंमतही आहे. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे म्हटले, तर दहा जाळ्यांना ४५ वाटा लागतात आणि वीस जाळ्यांना १९०. तितक्या वह्या सांभाळणे सोपे नव्हे. म्हणून २०१८ मध्ये याच कंपनीने एक मध्यवर्ती नाका काढला, जेथे सर्व जाळी येऊन मिळतात. तेथे मात्र कोणी कोठवर जावे, हे नाक्यावरील नोंदींनी ठरते, आणि त्या नोंदी ढिल्या ठेवल्या तर नको ती वाट सहज खुली राहते. सोयीचा मोह किती धरावा, याविषयी माझे मत सावधगिरीचे आहे. जेथे दोन-चारच जाळी आहेत, तेथे साधी, दोघांच्या संमतीची वाट बरी.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मी सांगितले ते यंत्रांमधील वाटांविषयी. ज्या कचेरीत आपला कागद रीतसर पोचला, तेथे तो कोणत्या कर्मचाऱ्याने उघडावा, त्याचा परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवलेला आहे की काय, याचा बंदोबस्त पिअरिंग करू शकत नाही. ते ज्या त्या कचेरीने पाहावयाचे आहे, आणि त्याबद्दल विचारणा करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

ते शेतकरी गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. आता पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा.