वाचनाची नोंद कोणासाठी?



‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालाने २००५ पासून एक साधी कसोटी रूढ केली : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुलाला समोर बसवायचे आणि वाचून घ्यायचे. २०२४ च्या अहवालात, ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या अवघ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला.

हीच कसोटी वर्गात सातत्याने हवी. मात्र ‘वाचन बरे’ हा शेरा निरुपयोगी. ‘सूर्य वाचताना रफार सुटतो, पुस्तकातील स्त पाशी अडखळतो’ असे वहीत लिहिले, की त्या मुलाचे पुढील पंधरवड्याचे उद्दिष्ट वेगळे ठरवावे लागत नाही.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे ध्येय योग्यच आहे. भीती आहे ती तक्ते रंगवण्याची. तपासणी जवळ आली, की शब्दांवर अडलेला मुलगा कागदोपत्री गोष्ट वाचू लागतो! पुढच्या इयत्तेत मग त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून विनंती अशी, की वर्षाअखेर निकालपत्रकासोबत ही वहीही पुढील वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी, खाडाखोडीसकट.