पिवळा दिवा लुकलुकला तेव्हा

मी न्यू जर्सीहून बोलतोय. माझा पोटापाण्याचा उद्योग आयटी कन्सल्टिंगचा, त्यामुळे इंजिनावर बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात एक जुनी मिनीव्हॅन उभी असते. मुलं लहान असताना घेतलेली, सीटच्या फटीत अजून चुरमुरे सापडतात अशी. पुढे ती लायसन्स मिळालेल्या मुलांच्या हातात जाते. आमचीही तशीच गेली. २००८ चं मॉडेल, व्ही-६ इंजिन, १,८७,००० मैल.

नोव्हेंबरातल्या एका पावसाळी सकाळी मुलीचा फोन आला. कॉलेजला जाताना ती पेट्रोलपंपावर थांबली होती. "बाबा, गाडी थरथरतेय, आणि तो पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकतोय." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "अगं, ये तशीच घरी हळूहळू, संध्याकाळी बघतो."

माझं हे उत्तर साफ चुकलं. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सहसा घरी येऊन बघता येतं. लुकलुकत असेल तर मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये, म्हणजे जोराचा मिसफायर चालू आहे. ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी अक्षरशः वितळू शकते. अशा वेळी बाजूला थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि टो ट्रक बोलवायचा. मी पोरीला वीस मैल चालवत आणलं.

अजून एक कबुली. ऑक्टोबरात हाच दिवा दोनदा लागला होता, आणि दोन्ही वेळा मी कोड पुसून मोकळा झालो होतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून पेट्रोलच्या प्रत्येक मोटारीत डॅशबोर्डखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा कोड रीडर वीस-तीस डॉलरला मिळतो. पुसलं की दिवा जातो. पण त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, ही नोंदही जाते. क्लायंटने लॉग उडवून सर्व्हर रीस्टार्ट केला, तर मी त्याला तासभर ऐकवतो!

कोड होता पी ०३०४, म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. एका गॅरेजने सहाही कॉइल, सहा प्लग आणि कन्व्हर्टर मिळून २,४०० डॉलर सांगितले. व्हॅनची किंमत फार तर तीन हजार. एमबीएचं गणित म्हणालं, विकून टाक. पण कोड फक्त चौथ्यात पेटत नाही एवढंच सांगतो. का पेटत नाही ते सांगत नाही. मग सहा कॉइल कशाला?

शनिवारी इंजिन थंड असताना चौथ्याची कॉइल काढून सहाव्यावर लावली, सहाव्याची चौथ्यावर. कॉइल खराब असेल तर कोड तिच्या मागे जाऊन पी ०३०६ येणार. दोन दिवसांनी कोड आला तो पुन्हा ०३०४. म्हणजे कॉइल निर्दोष. खरं तर उत्तर आदल्याच शनिवारी माझ्या हाताला लागलं होतं. कॉइलच्या रबरी टोपीला तेल होतं, आणि मी ते फडक्याने पुसून टाकलं होतं!

प्लगच्या खड्ड्यात बोटभर तेल साचलं होतं. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटबरोबर येणारं प्लगच्या नळीचं सील वयोमानाने कडक होऊन तडकलं होतं. तेल पाझरलं, रबर फुगलं, आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता वाटेतच निसटू लागली. दमट हवेत जास्तच.

आधी सिरिंजने तेल उपसलं. तसाच प्लग काढला असता तर ते सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं. मग नवं गॅस्केट, सील, प्लग आणि रबरी टोपी. प्लग आधी हाताने फिरवून बसवला आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकाच आवळला, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले की संपलं. सगळे मिळून शंभर डॉलरच्या आत आणि एक रविवार. कव्हर पुढच्या बाजूचं होतं म्हणून जमलं. मागच्या बाजूचं असतं तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागला असता, आणि ते काम मी मुकाट मेकॅनिककडे दिलं असतं.

कन्व्हर्टरची धाकधूक मात्र राहिली. त्याचा नेहमीचा कोड पी ०४२०. गाडी इन्स्पेक्शन पास झाली, तरी महिन्यातून एकदा मी रीडर लावून बघतोच.

मार्चमध्ये मुलीचा पुन्हा फोन आला. "बाबा, दिवा लागलाय. पण लुकलुकत नाहीये, स्थिर आहे. तरी मी थांबलेय." या वेळी मी मीटिंग सोडून गेलो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं.