विज्ञानाचे दार सर्वांना उघडे

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आमचा जन्म शाळेत गेला. तेव्हा ज्यांच्या गळ्यात आज हार पडला नाही, त्या मुलांविषयीही दोन शब्द बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. विज्ञानास इंग्रजी लागते, शहर लागते, पैसा लागतो. ते आपले काम नव्हे, हा समज आपल्या अनेक घरांत ठाण मांडून बसला आहे. त्याची किंमत विशेषेकरून मुली मोजतात.

हा समज दूर करण्यासाठी थोर शास्त्रज्ञांनीच कंबर कसली आहे. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला कीर्ती मिळवून १९७२ साली स्वदेशी परतले. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञानाचा प्रसार करीत होती. तिच्या विज्ञानकथा-स्पर्धेस १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली. तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने! कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था निघाली. तिचे ते संस्थापक-संचालक. तेथे शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्याने होऊ लागली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले; परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा मान त्यांनी वाढविला, हे विसरता येणार नाही.

तथापि शास्त्रज्ञांनी सांगावे आणि आपण केवळ मान डोलवावी, एवढ्याने भागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे येथे राहणाऱ्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी चढलेली नाही. त्यांनी वालाचे, भाताचे, भाजीपाल्याचे गावरान वाण घरी जतन केले. ‘बायफ’ संस्थेच्या कृषितज्ज्ञांनी त्यांच्या जोडीने काम केले आणि बीजबँक उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांस ‘बीजमाता’ म्हटले. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. चांगले दाणे पारखून निवडावे, पुढल्या हंगामात पेरून गुण पडताळावा, हा प्रयोगच होय. त्या माउलीकडून शिकण्यात जाणत्यांनी कमीपणा मानला नाही.

म्हणून आमची सभेस एक विनंती आहे. पुढील वर्षापासून गुणांबरोबर उत्तम प्रश्नासही बक्षीस असावे. आपल्यातील डॉक्टर, अभियंते व कृषिपदवीधर यांनी प्रश्नांची उत्तरे सोप्या मराठीत लिहावीत आणि ती या स्मरणिकेत छापावीत. तसेच ही प्रश्नपेटी गावातील प्रत्येक मुलामुलीस खुली असावी. ज्ञातीचा निधी ज्ञातीपुरताच, असे कोणी म्हणतील. त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो, दुष्काळात विहिरीचे पाणी आटते ते काय जात पाहून आटते? ते का आटले, हे शोधणारे मूल कोणत्या घरी जन्मले आहे, कोणास ठाऊक! ते दाराबाहेर राहिले तर तोटा आपणा सर्वांचाच.

विचार व्हावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.